तीन फुटांच्या फरकावर वसलेलं गाव

कुर्डू हे माढा तालुक्यातलं जुनं गाव आणि कुर्डुवाडी ही त्याची वाडी. मुंबईहून सोलापूरकडे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1859 साली इथं पोचली, तेव्हा स्टेशनाला नाव मिळालं ते तिसऱ्याच गावाचं: ‘बार्शी रोड’. कापसाची, धान्याची पेठ होती बार्शीला आणि रेल्वे तर तिला सुमारे 35 किलोमीटर बाजूला टाकून गेलेली. त्यामुळं बार्शीचा माल बैलगाड्यांनी या स्टेशनावर यायचा.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ही अडचण हेरली. 1895 साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये बार्शीपर्यंत छोटी गाडी धावू लागली. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर, हिच्यात फक्त अडीच. कॅलथ्रॉपचा हिशेब साधा होता: इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. पुढं ही लाईन 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरजेला जाऊन भिडली. एकूण लांबी झाली जवळपास सव्वातीनशे किलोमीटर.

रूळ टाकताना वाचलेला पैसा कुर्डुवाडीच्या धक्क्यावर मात्र थोडा थोडा मोजावा लागे. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळांवर चालणार कसा? म्हणून प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायची. पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यानंही इथंच उतरून गाडी बदलायची. कंपनीला जो खोळंबा, तोच गावाला रोजगार. हमालांना काम मिळालं, ताटकळलेल्या प्रवाशांमुळं चहा-फराळाची दुकानं चालली, रेल्वेचा कारखाना आला. साडेपाचातून अडीच वजा केले की उरतात तीन फूट. त्या तीन फुटांवर वाडीचं शहर झालं.

1954 मध्ये ही लाईन सरकारनं घेतली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्यानं तिचे रूळ रुंद झाले आणि तो फरक मिटला. लातूरहून मुंबईला जाणाऱ्याला आता इथं गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनाच्या पाटीवर आज गावाचं स्वतःचं नाव आहे. ते वाचायला खाली उतरायची सक्ती तेवढी उरलेली नाही.