म्हातारपण एका पंधरवड्यांत येत नाहीं

वसईच्या वाड्यांतून केळी, पानवेली आणि फुलें यांची जोपासना करण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांपैकीं अनेकजण आतां सत्तरीच्या पुढें आहेत. त्यांचीं मुलें पहाटेच्या लोकलनें मुंबईस नोकरीला जातात. अशा घरांतील आजींचे खांदे दुखूं लागले, कीं ‘वय झालें’ एवढें म्हणून तेल चोळण्यांत येतें. पुष्कळ वेळां हें म्हणणें खरेंहि असतें. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानें १९९६ सालीं भिगवण येथें घरोघर पाहणी केली, तेव्हां सुमारें १८ टक्के प्रौढांना हाडें, सांधे वा स्नायु यांचीं दुखणीं असल्याचें आढळलें. त्यांतील बरींचशीं झिजेचीं किंवा साधीं होतीं. परंतु याच गर्दींत एक निराळें दुखणें लपून बसतें. ओळखलें तर थोड्याच दिवसांत उतार पडतो. न ओळखल्यास क्वचित् दृष्टीहि जाते.

पॉलिमायाल्जिया र्‍हुमॅटिका हें त्याचें नांव. स्कॉटलंडमध्यें डॉ. विल्यम ब्रूस यांनीं १८८८ सालीं त्याचें वर्णन केलें. हल्लींचें नांव डॉ. स्टुअर्ट बार्बर यांनीं १९५७ सालीं दिलें. पन्नाशीच्या आंत हा विकार जवळजवळ होतच नाहीं. सत्तरीच्या सुमारास तो अधिक, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत दुप्पट-तिप्पट. भारतांत तो विरळ मानला जातो, म्हणूनच येथें तो चटकन् कोणाच्या मनांत येत नाहीं. वेदना स्नायूंत जाणवते; दाह मात्र मुख्यतः खांदे व खुबे यांच्या सांध्यांच्या अस्तरांत आणि भोवतींच्या द्रवपिशव्यांत असतो.

तो ओळखावा कसा? पहिली खूण वेगाची. झिजेचें दुखणें वर्षानुवर्षें वाढतें. हें एक-दोन आठवड्यांत येतें. गेल्या महिन्यांत वलणीवर कपडे वाळत घालणाऱ्या आजींना या महिन्यांत अंबाडा घालण्यासहि हात वर नेतां येत नाहीं. दुसरी खूण अशी कीं, दोन्ही खांदे, आणि पुष्कळदां मान, खुबे व मांड्याहि, बरोबरच धरतात. तिसरी खूण सकाळची. उठतांना अंग लाकडासारखें ताठलेलें असतें, आणि हा ताठरपणा पाऊण तासाहून अधिक टिकतो. दुपारपर्यंत अंग बरेंच मोकळें होतें. त्यामुळें पहाटे गेलेल्या व रात्रीं परतणाऱ्या मुलांना तक्रार वाढवून सांगितलेली वाटते. जोडीला बारीक ताप, मंदावलेली भूक आणि घटतें वजन हींहि असूं शकतात.

येथें वेदना आणि दुर्बलता यांतील भेद जाणला पाहिजे. दुखणें बेताचें, पण पाटावरून उठण्याचें किंवा जिना चढण्याचें बळच गेलें, घास गिळतांना अडकूं लागला, तर खुद्द स्नायूंचाच दाह संभवतो. त्यांत पापण्यांवर जांभळट छटा किंवा बोटांच्या पेरांवर लालसर चट्टे दिसल्यास वृद्धांत कर्करोगाचाहि शोध घ्यावा लागतो. या स्नायुदाहांत रक्तांतील सी.पी.के. हें द्रव्य बहुधा वाढतें. पॉलिमायाल्जियांत तें वाढत नाहीं, तर ई.एस.आर. व सी.आर.पी. वाढतात. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, थायरॉइडची मंदता व ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव यांनींहि अंग दुखतें. तींहि कारणें तपासावीं लागतात.

निदान झाल्यावर प्रेड्निसोलोनची बेताची मात्रा, बहुधा १२.५ ते २५ मिलिग्रॅम, दिली जाते, आणि कांहीं दिवसांतच हात वर जाऊं लागतो. मात्र औषध वर्षभर वा अधिक काळ हळूहळू कमी करीत न्यावें लागतें. साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात, म्हणून देखरेख हवी. आपण होऊन तें बंद करणें धोक्याचें. दुकानांतून परभारें घेणेंहि तितकेंच घातक, कारण तें इतरहि दुखण्यांना तात्पुरता आराम देतें आणि खरा रोग झांकतें.

एका बाबतींत तर एक दिवसाचाहि विलंब नको. या विकाराच्या कांहीं रुग्णांत डोक्याच्या धमन्यांचा दाह होतो. कानशिलांत नवीन दुखणें, केंस विंचरतांना टाळू हुळहुळणें, चावतांना जबडा भरून येणें, किंवा एकाएकीं अंधुक वा दुहेरी दिसणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. एकदां गेलेली दृष्टि सहसा परत येत नाहीं.

म्हणून सुटीच्या दिवशीं सकाळीं घरांतील कर्त्या माणसानें वडील माणसांचें उठणें स्वतः पाहावें. दुखणें कोणत्या तारखेस सुरू झालें, ताठरपणा किती मिनिटें टिकतो, कोणतें काम आतां जमत नाहीं, हें कागदावर टिपून डॉक्टरांस दाखवावें. तेवढ्या चार ओळींनीं अनेक तपासण्यांची वाट सोपी होते.