मुसी, कृष्णा आणि समुद्रकिनारा

हैदराबाद शहरातील नामपल्ली हा भाग तेथील रेल्वे स्थानक, सार्वजनिक उद्यान आणि दरवर्षी भरणारे औद्योगिक प्रदर्शन यांमुळे सर्वपरिचित आहे. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरांहून दूर असून, २०१४ मध्ये अस्तित्वात आलेल्या तेलंगणा राज्यास समुद्रकिनाराच नाही. यास्तव किनाऱ्यावरील जीवसृष्टीच्या ऱ्हासाशी या नगराचा काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर नद्यांच्या वाटेत सापडते. हैदराबादचे सांडपाणी ज्या मुसी नदीत उतरते, ती नळगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे कृष्णेस मिळते. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा पुढे विजयवाड्यावरून वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजेच सातारा-सांगलीचे शेत आणि नामपल्लीचा नाला यांचा शेवट एकाच खाडीत होतो. महाराष्ट्राचा संबंध केवळ कोकण किनाऱ्याशी नाही. पूर्ववाहिनी नद्यांच्या द्वारे तो दुसऱ्या किनाऱ्याशीही जडलेला आहे.

त्रिभुज प्रदेशाची घडण

समुद्राजवळ येताच नदीचा वेग मंदावतो व तिने वाहून आणलेला गाळ मुखापाशी साचतो. दख्खनच्या पठारावरील माती हजारो वर्षे अशा रीतीने साचून कृष्णेचा सुपीक त्रिभुज प्रदेश तयार झाला. ही भूमी मात्र खडकासारखी स्थिर नसते. ओला गाळ स्वतःच्या भाराने दबत जातो. पुराबरोबर येणारा नवा थर ही झीज भरून काढतो, तोवरच किनारा टिकतो. नवा थर येणे थांबले, की भूमी खचू लागते आणि लाटा किनारा खाऊ लागतात.

खारफुटीचे कार्य

नदीमुखाशी तिवर, कांदळ, चिप्पी आदी खारफुटी वृक्षांची वने आहेत. या वनांचा मोठा भाग कृष्णा वन्यजीव अभयारण्यात मोडतो. भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्यात उभे राहणाऱ्या या वृक्षांची रचना वैशिष्ट्यपूर्ण असते. चिखलात प्राणवायू अत्यल्प असल्याने तिवराची श्वसनमुळे जमिनीतून वर येतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट रोप होऊन खाली पडते. मुळांच्या या जाळ्यात गाळ अडकतो, तसेच कोळंबी, खेकडे व अनेक जातींच्या मासळीची पिल्ले आश्रय घेतात. खोल समुद्रात मिळणाऱ्या मासळीपैकी काही जातींचे बालपण येथेच जाते. त्यामुळे या वनांचा नाश म्हणजे कोळ्यांच्या उत्पन्नाचाही नाश होय.

खारफुटीस समुद्राच्या पाण्याइतकीच गोड्या पाण्याची गरज असते. नदीचा प्रवाह आटल्यास चिखलातील क्षार वाढतात. तिवरासारख्या काटक जाती अशा स्थितीत तग धरतात, इतर जाती मात्र हळूहळू नाहीशा होतात.

वरील खोऱ्यातून उद्भवणारे धोके

विजयवाडा येथे १८५५ मध्ये बंधारा बांधण्यात आला व १९५७ मध्ये त्याची जागा प्रकाशम बंधाऱ्याने घेतली. त्यानंतर कोयना, नागार्जुनसागर, उजनी, श्रीशैलम, अलमट्टी अशी धरणे खोऱ्यात उभी राहिली. त्यांनी कोरडवाहू प्रदेशास पाणी व उद्योगांस वीज दिली, हे निर्विवाद आहे. तथापि पाण्याबरोबर गाळही जलाशयात अडून राहतो. २००० नंतरच्या काही अवर्षणाच्या वर्षांत तर कृष्णेचे अत्यल्प पाणी समुद्रापर्यंत पोचले. जलाशयाचे आयुष्य कमी करणारा गाळ आणि किनाऱ्यास हवा असलेला गाळ हा एकच आहे, ही बाब नियोजनात क्वचितच विचारात घेतली जाते.

दुसरा धोका सांडपाण्याचा. त्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ बेसुमार वाढते; ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. वाटेतील शेतांत व जलाशयांत यांपैकी बराच अंश मुरतो. परंतु प्लास्टिक कुजत नाही, आणि पहिल्या मोठ्या पुरात नाल्यात साठलेला कचरा पुढे लोटला जातो.

तिसरा धोका स्थानिक आहे. १९९० च्या दशकात किनाऱ्यालगत कोळंबीची तळी झपाट्याने वाढली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील अशा तळ्यांविरुद्ध कडक आदेश दिले व २००५ मध्ये किनारी मत्स्यशेतीसाठी स्वतंत्र कायदा झाला.

किंमत कोण मोजतो?

१९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णामुखाजवळील दिविसीमा भागावर चक्रीवादळ आदळले. समुद्राचे पाणी गावेच्या गावे गिळून आत शिरले आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. एवढी मोठी लाट कोणतेही वन संपूर्णपणे अडवू शकणार नाही. परंतु खारफुटीच्या दाट पट्ट्यातून जाताना लाटांचा जोर मोडतो. खचणारी भूमी, विरळ होणारे वन आणि तापमानवाढीने चढणारा समुद्र ही तिन्ही एकत्र आली, तर पुढील वादळ अधिक आतवर पोचेल.

करावयाची कामे

सावधगिरीची साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगली आहेत. हैदराबाद येथेच १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र मच्छीमारांस मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती देते. २००७ पासून तेथून त्सुनामीची पूर्वसूचनाही दिली जाते. समुद्रापासून दूर असलेले शहर समुद्राची राखण करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

परंतु पूर्वसूचनेने माणसे वाचतात, किनारा वाचत नाही. त्यासाठी नदीमुखापर्यंत किमान प्रवाह सोडणे, धरणांतील गाळाचे व्यवस्थापन खोऱ्याच्या पातळीवर करणे, सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे आणि उरलेल्या खारफुटीस हात न लावणे आवश्यक आहे. यांपैकी पहिली तीन कामे किनाऱ्यावर नव्हे, तर महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा येथील नगरांत, शेतांत आणि धरणांवर व्हावयाची आहेत. उगमाकाठच्या लोकांनी मुखाकाठच्या लोकांची आठवण ठेवली, तरच दिविसीमाच्या कोळ्याच्या पायाखालील जमीन टिकेल.