भुयारी जलटाक्या : बुजवणीपूर्वींची व नंतरची परीक्षा

सन २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी पोहोंचलें. इतक्या सायासानें आणलेलें पाणी गळक्या टाकींतून जमिनींत मुरूं देणें म्हणजे दात्यांच्या द्रव्याचा अपव्ययच होय. यास्तव व्यापारी, जमीनदार व इतर उदार दाते यांस पुढील गोष्टींवर नजर ठेवण्याची विनंती आहे.

खड्ड्याचा तळ सपाट व दगडगोट्यांवांचून असावा. प्लास्टिकची टाकी पाण्यानें भरून, झांकण लावून, पातळीवर खूण करावी. अहोरात्र उलटूनही पातळी न ढळल्यास मगच बुजवणी आरंभावी. त्या वेळीं टाकी भरलेलीच ठेवावी व बारीक माती चोहोंकडून सारख्या थरांनीं दाबीत जावें. १०,००० लिटरांची रिकामी टाकी भूजलांत बुडाल्यास तीस सुमारें १० टनांपर्यंत वर उचलणारा रेटा बसतो व नळाचे सांधे उखडतात.

बुजवणीनंतर चीर डोळ्यांस दिसत नाहीं. पाण्याची पातळी हाच पुरावा उरतो. म्हणून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि तिचा लेखी दाखला पाहिल्यावांचून कंत्राटदारास शेवटचा हप्ता देऊं नये.