सापळ्यामागचा डोळा

31 ऑक्टोबरची संध्याकाळ. अमेरिकेतल्या एका उपनगरातलं अंगण. हिरवळीवर थर्माकोलची थडगी रोवलेली, झुडपांवर नकली कोळिष्टकं ताणलेली आणि एका बाजूला छपराला डोकं टेकेल एवढा हाडांचा सापळा. चेटकिणीचा काळा झगा घातलेली सहा-सात वर्षांची मुलगी पायवाटेवर दोन पावलं टाकते, थबकते आणि आईच्या कोटाचं टोक घट्ट धरते. गॅरेजच्या अंधारात बसलेला घरमालक हे सगळं पडद्यावर बघतोय. त्याचा अंगठा एका बटणावर आहे. ते दाबलं की शवपेटीचं झाकण हवेच्या दाबानं फाडकन उघडतं आणि आतलं भूत उठून बसतं. तो अंगठा उचलतो. शवपेटी गप्प राहते, मुलगी चॉकलेट घेऊन जाते.

हॅलोविनच्या रात्री सोंगं घेतलेली मुलं दारोदार 'ट्रिक ऑर ट्रीट' ओरडत फिरतात. खाऊ द्या, नाहीतर खोडी काढतो, असा तो लाडिक दम. या पोरांसाठी अंगणात भुताटकी उभी करणाऱ्या हौशी लोकांना तिथे 'होम हाँटर' म्हणतात. दिवाळीत किल्ला करताना तहानभूक विसरणारं पोर मोठं झाल्यावर हातात पैसे आले तर काय करेल, त्याचा हा नमुना. 'होम डेपो' या दुकानसाखळीनं 2020 मध्ये 12 फुटी सापळा 299 डॉलरला विकायला काढला आणि तो हातोहात संपला. 2023 मध्ये अमेरिकी लोक हॅलोविनवर 12.2 अब्ज डॉलर खर्च करतील, असा तिथल्या किरकोळ विक्रेत्यांच्या महासंघाचा अंदाज होता.

हाँटर ज्यातून अंगण बघतो तो दारावरचा कॅमेरा मात्र भुतांसाठी आलेला नाही. जेमी सिमिनॉफ हा उद्योजक 2013 मध्ये 'डोअरबॉट' नावाची कॅमेरावाली डोअरबेल घेऊन 'शार्क टँक' या कार्यक्रमात गेला आणि सौदा न करताच परतला. पुढे तिचंच नाव 'रिंग' झालं आणि 2018 मध्ये अॅमेझॉननं ती बनवणारी कंपनी विकत घेतली. दारात ठेवलेली पार्सलं पळवणाऱ्यांवर नजर ठेवणं हे या कॅमेऱ्याचं रोजचं काम. हॅलोविनच्या रात्री तो हाँटरला विंगेत उभं राहून प्रेक्षक बघण्याची सोय करून देतो.

ही सोय लागते, कारण भुतं आपापली उठायला लागली की घोळ होतो. बहुतेक भुतं हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर चालतात. समोरून शरीराची ऊब सरकली एवढंच त्या सेन्सरला कळतं. ती तीन वर्षांच्या बाळाची की पंधरा वर्षांच्या दांडगटाची, हे त्याच्या गावीही नसतं. शिवाय घोळक्यातला पहिला आला की भूत उठतं आणि मागच्या पाचांना नुसतं उघडं झाकण दिसतं. म्हणून मुरलेले हाँटर बटण स्वतःकडे ठेवतात. त्यातही मेख आहे. वाय-फायवरून इंटरनेटचा वळसा घेऊन मोबाइलवर येणारं चित्र सेकंद-दोन सेकंद मागे असू शकतं. दचकवण्याच्या धंद्यात दोन सेकंद म्हणजे पोरगं पुढे निघूनही गेलेलं. त्यामुळे जाणकार सरळ वायर ओढून कॅमेरा गॅरेजमधल्या पडद्याला जोडतात.

किती घाबरवायचं, याचाही अभ्यास झाला आहे. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी वायले शहराजवळच्या एका भुताटकी घरात 110 प्रेक्षकांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली आणि दचकण्याच्या जागी कॅमेरे बसवले. 2020 मध्ये निष्कर्ष छापून आला: भीती फार कमी झाली तरी मजा येत नाही आणि फार झाली तरीही नाही. हाँटरचा अंगठा हाच हिशेब अंदाजानं करत असतो.

रात्रीच्या कॅमेऱ्याचे स्वतःचे चमत्कार वेगळेच. अंधारात तो अवरक्त प्रकाश टाकून बघतो, आणि कृत्रिम धाग्याचं बरंचसं काळं कापड हा प्रकाश परत फेकतं. त्यामुळे चेटकिणीचा काळाकुट्ट झगा पडद्यावर चक्क राखाडी-पांढरा दिसतो. फॉग मशीन कॅमेऱ्यासमोर ठेवलं तर धुक्यातले थेंब तोच प्रकाश उलटवतात आणि चित्राच्या जागी पांढरी भिंत उरते. हवा भरलेली भुतं वाऱ्यानं डोलली की मोबाइल दर मिनिटाला कोकलतो. आणि खरा कोळी? त्याला सजावटीतल्या जाळ्यांशी देणंघेणं नसतं. तो नेमका कॅमेऱ्याच्या भिंगासमोर जाळं विणतो.

घरात माणूस नसला की खाऊचा वाडगा पायरीवर ठेवून 'एकच घ्या' अशी पाटी लावतात. इथे कॅमेरा पुन्हा पहारेकरी होतो. काही जण अख्खा वाडगा पिशवीत उलटा करतात. पण 2019 मध्ये मेरीलँड राज्यातल्या एका डोअरबेल कॅमेऱ्यात उलटंच दृश्य सापडलं: वाडगा रिकामा बघून एका लहान मुलानं स्वतःच्या पिशवीतला खाऊ त्यात टाकला.

असं चोरून बघणं कॅमेऱ्यांच्याही आधीचं आहे. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिएटलमधल्या 27 घरांत पडद्याआड निरीक्षक लपवले होते. दारातली बाई एकेकच गोळी घ्यायला सांगून आत निघून जायची. शेजारी सुट्या नाण्यांचाही वाडगा असायचा. एकट्या आलेल्या आणि नाव-पत्ता विचारलेल्या मुलांपैकी जेमतेम साडेसात टक्क्यांनी हात मारला. घोळक्यातल्या, नाव न विचारलेल्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी. 1979 च्या पुढच्या अभ्यासात वाडग्यामागे नुसता आरसा ठेवला, तर नाव विचारलेल्या मुलांत ही हातचलाखी बरीच कमी झाली. पाटीपेक्षा आरसा बरा म्हणायचा, आणि कॅमेऱ्यापेक्षा स्वस्तही.

मात्र पायरीवरची पोरं लोकांची असतात, त्यामुळे त्यांचं चित्रीकरण जपूनच करावं लागतं. चित्रापेक्षा आवाजानं जास्त पंचाईत होते. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये, शेजाऱ्यांच्या भांडणातून आलेल्या खटल्यात, दूरवरचं बोलणं टिपणाऱ्या अशा कॅमेऱ्यांवर बोट ठेवलं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी बोलणं ध्वनिमुद्रित करायला बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. हाँटरनं त्या रात्री मायक्रोफोन बंद ठेवावा, फाटकावर 'कॅमेरा सुरू आहे' अशी पाटी लावावी. रडवेल्या मुलाची चित्रफीत हसण्यासाठी जगभर पाठवू नये, हे तर कायद्यानं सांगायची गरजच पडू नये.

 

रात्री नऊच्या सुमारास ओसरीतले दिवे मालवतात, वर्दळ थांबते. हाँटर कॉफी घेऊन बसतो आणि चित्रीकरण मागे घेऊन मुलं मोजतो, म्हणजे पुढच्या वर्षी खाऊ किती आणायचा ते कळतं. शवपेटी उघडली त्या जागा तो पुन्हा पुन्हा लावून बघतो. सगळ्यात उंच उडी पुष्कळदा मुलांची नसते. हात धरून आलेल्या बाबांची असते.