जुना संगणक नवा करताना: आधी ताळा, मग फॉरमॅट



आपल्या मंडळाच्या कार्यालयातला संगणक चालू करून चहा घेऊन यावे, तरी पडद्यावरचे गोल चक्र फिरतच असायचे. त्यातच विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नवा संगणक घ्यावा की आहे तोच सुधारावा, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला. अनेक सभासदांच्या घरीही हाच प्रश्न आहे, म्हणून आमचा अनुभव येथे देत आहोत.

मेकॅनिकने पाहताक्षणी सांगितले, "फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल." आम्ही थांबा म्हटले. त्या संगणकात आजीव सभासदांची यादी आणि गणेशोत्सवाचे हिशेब होते. शिवाय आपल्या दिवंगत माजी चिटणीसांनी टाइप केलेली कुटुंबांची नोंद होती: कोणते घराणे इंदूरला कधी आले, कोणाच्या चाकरीत होते, कोणत्या वाड्यात राहिले. ज्या वडीलधाऱ्यांनी हे सांगितले त्यांतले बहुतेक आज नाहीत आणि या नोंदीची दुसरी प्रत कुठेही नव्हती. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, ही नोंद मिळणार नव्हती.

बँकेत नवी खतावणी उघडताना जुन्या खतावणीतली बाकी पुढे ओढली जाई. पण बेरजांचा ताळा जमल्याशिवाय जुनी खतावणी कोणी हलवत नसे. संगणकालाही हाच नियम लावायचा असे आम्ही ठरवले.

यंत्र सुधारण्याजोगे आहे का?

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन आपला संगणक बसतो की नाही ते सांगते. टीपीएम नाही असा निरोप आला तरी लगेच निराश होऊ नये, कारण पुष्कळ संगणकांत ती सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. आमच्याकडे तसेच निघाले. प्रोसेसरच जुना असेल, तर मात्र बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर न करणे बरे.

खर्च कशावर करावा?

संगणक मंद होण्याचे मोठे कारण बहुधा जुनी हार्ड डिस्क असते. तिच्यात तबकडी फिरते आणि सुई जागा शोधते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे माहिती लगेच हाती येते. आम्ही ५०० जीबीची एसएसडी बसवली आणि रॅम ४ वरून ८ जीबी केली. पेटी, पडदा, कीबोर्ड सर्व जुनेच आहे. रॅम घेताना मदरबोर्डला डीडीआर३ चालते की डीडीआर४ हे आधी पाहावे, कारण एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

माहिती कुठे कुठे असते?

येथेच बहुतेकांची फसगत होते. एका सभासदांनी मुलीच्या लग्नाचे फोटो 'डी ड्राइव्हमध्ये सुरक्षित' म्हणून ठेवले होते. पण सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली तेव्हा दोन्ही गेले. कपाटाचा कप्पा बदलला म्हणजे तिजोरी बदलली असे होत नाही.

डेस्कटॉपवर दिसणाऱ्या फाइल सहसा सी ड्राइव्हमध्ये असतात, म्हणजे सी फॉरमॅट केला की त्याही जातात. डाउनलोड्स, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, या सर्वांची आम्ही आधी कागदावर यादी केली.

मग बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर एक प्रत घेतली. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन कोषाध्यक्षांच्या घरी ठेवली. दोन्हीकडे फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळवला. हाच आमचा ताळा. नंतर प्रत्येक फोल्डरातल्या काही फाइल उघडून पाहिल्या, कारण संख्या जुळली तरी आतला मजकूर उघडतो की नाही ते त्यावरून कळत नाही.

जुनी डिस्क फॉरमॅट केली नाही. ती काढून, तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आणि विंडोज नव्या एसएसडीवर टाकले.

नोंद उघडली, पण वाचता येईना

सर्व झाल्यावर माजी चिटणीसांची फाइल उघडली आणि पोटात गोळा आला. पानभर इंग्रजी अक्षरांचा काला! 'राम'च्या जागी जे, के, ई अशी तीन अक्षरे.

फाइल बिघडलेली नव्हती. ती कृतिदेव फाँटमध्ये होती. आपल्याकडच्या छापखान्यांत हिंदीमुळे कृतिदेव रूढ होता, म्हणून आपले मराठीही त्यातच टाइप होत असे. असा फाँट आत इंग्रजी अक्षरेच साठवतो आणि त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या संगणकात तो फाँट नव्हता, म्हणून मुखवटा गळून पडला. फाँट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असतात, त्यामुळे आम्ही घेतलेल्या दोन्ही प्रतींत तो आलाच नव्हता. यादीतली ही चूक आमचीच.

कपाटातली जुनी डिस्क जोडली, विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरातून तो फाँट घेतला, नव्या संगणकात बसवला आणि पान पुन्हा मराठी झाले. त्या दिवशी फॉरमॅटला होकार दिला असता तर ते अक्षर लावायला किती दिवस गेले असते कोण जाणे.

आता या नोंदीच्या पीडीएफ प्रती करून ठेवल्या आहेत, कारण पीडीएफमध्ये सहसा फाँट सोबत जातो. मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याचे कामही सुरू आहे. बदलून देणारी साधने मिळतात, पण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला रकार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात. ज्यांना रोज अर्धा तास देता येईल त्यांनी कार्यालयात अवश्य यावे. आपल्याच घराण्याचे पान तपासायला मिळेल.

शेवटचे एक. विंडोज ११ मध्ये काही वेळा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ अंकी किल्ली असते. ती कागदावर लिहून घरातल्या दोघांना ठाऊक असू द्यावी. बँकेच्या तिजोरीलाही दोन किल्ल्या दोघांकडे असत.

जुनी डिस्क आम्ही वर्षभर तरी कपाटातच ठेवणार आहोत. ती जागा फारशी अडवत नाही.