साकाईची सुरी: नाव एकाचे, हात अनेकांचे

ओसाकाजवळच्या साकाई शहरातून आलेल्या सुरीच्या पात्यावर बहुधा एक नाव कोरलेले असते. विकत घेणारा ते कौतुकाने न्याहाळतो आणि धरून चालतो, की त्या नावाच्या एका लोहाराने पोलाद तापवण्यापासून मूठ बसवण्यापर्यंत सारे एकट्याने केले. साकाईत सहसा तसे होत नाही. तिथे पाते घडवणारा लोहार वेगळा, त्याला धार लावणारा कारागीर वेगळा आणि मूठ बसवणारा तिसराच. कोरलेले नाव पुष्कळदा ही सगळी कामे जुळवून आणणाऱ्या व्यापारी पेढीचे असते.

यात फसवणूक अजिबात नाही. लोहाराकडून येणारे पाते जाड आणि काळेकुट्ट असते. पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या मोठ्या चाकावर ते किती पातळ करायचे, वाकलेले कुठे सरळ करायचे, धारेचा कोन कसा ठेवायचा, हे धार लावणारा ठरवतो. एकाच लोहाराची दोन पाती दोन वेगळ्या कारागिरांकडे गेली, तर कांदा चिरताना हाताला फरक जाणवतो. म्हणूनच मुरलेला संग्राहक लोहाराइतकीच धार लावणाऱ्याचीही चौकशी करतो. ती करायलाच हवी. या दुसऱ्या कारागिराला फार कमी श्रेय मिळते. शिकोकू बेटावरच्या तोसा भागात मात्र एकाच भट्टीवर सगळी कामे उरकण्याची परंपरा आहे.

‘हाताने घडवलेली’ म्हणजे यंत्राचा स्पर्शही नसलेली, हेही खरे नाही. विजेवर चालणारा घण जपानी भट्ट्यांमध्ये सर्रास दिसतो. हात आणि नजर लागते ती वेगळ्या ठिकाणी. कार्बन पोलादाच्या पात्याला पाणी देताना ते साधारण ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते, आणि अनेक लोहार हे तापमान केवळ रंगावरून ओळखतात. रंग नीट दिसावा म्हणून भट्टीची खोली मुद्दाम अंधारी ठेवतात. तिथे अंदाज चुकला, तर पुढची कितीही मेहनत वाया जाते.

या सुऱ्या सामुराईच्या तलवारीच्या वारसदार, ही कथा तर जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच. १८७६ मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगून फिरण्यावर बंदी घातली आणि बरेच तलवार घडवणारे लोहार सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. साकाईच्या सुऱ्यांचा मोठा वारसा मात्र तंबाखूचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तंबाखू जपानात आली, तिची पाने बारीक कापायला धारदार पाती हवी होती, आणि पुढे तोकुगावा राजवटीने साकाईच्या पात्यांना अधिकृत शिक्का दिला. आज जगभर लोकप्रिय असलेली ‘ग्युतो’ ही सुरी तर पाश्चात्त्य घडणीवर बेतलेली. मेइजी काळात जपानी लोक गोमांस खाऊ लागले तेव्हाची.

पोलादही तलवारीचे नसते. तलवारीसाठी लागणारे ‘तामाहागाने’ शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे पारंपरिक भट्टीत तयार होते. ती भट्टी १९७७ मध्ये पुन्हा पेटवली गेली आणि तिचे पोलाद मुख्यतः तलवार घडवणाऱ्यांना दिले जाते. स्वयंपाकघरातल्या बहुतेक नामवंत सुऱ्यांचे पोलाद त्याच प्रांतातल्या यासुगीच्या आधुनिक कारखान्यातून येते. त्यातल्या ‘पांढऱ्या’ आणि ‘निळ्या’ पोलादाची नावे गुंडाळायच्या कागदाच्या रंगावरून पडली. धातूचा रंग तसा नसतो. निळे पांढऱ्यापेक्षा वरच्या दर्जाचे, हा समजही चुकीचा. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेले असल्याने त्याची धार जास्त टिकते. पांढरे दगडावर लवकर धार घेते, आणि तीही अतिशय बारीक. आकड्यांचेही तसेच: पांढऱ्या १ नंबरात कार्बन १.२५ ते १.३५ टक्के, २ नंबरात १.०५ ते १.१५. त्यात पहिला-दुसरा क्रमांक कुणाचाच नाही.

सर्वात जास्त पैसे घालवायला लावणारा गैरसमज मात्र ‘दमास्कस’ नक्षीचा. पात्यावरच्या त्या लाटांमुळे सुरी अधिक धारदार होते असे अनेकांना वाटते. कापण्याचे काम करतो तो मधला कठीण पोलादाचा एकच थर. लाटा असतात त्या त्याच्या दोन्ही बाजूंना चढवलेल्या मऊ थरांच्या. त्या सुंदर असतात, त्यासाठी दोन पैसे जास्त द्यायलाही हरकत नाही, पण धारेशी त्यांचा संबंध नाही.

खऱ्या ऐतिहासिक दमास्कस पात्यांशीही या थरांचे नाते नाही, आणि इथे गोष्ट भारतात येते. ती पाती दक्षिण भारतातल्या ‘वुट्झ’ पोलादाची. आजच्या तेलंगणातले कोनासमुद्रम हे त्याचे एक नावाजलेले केंद्र होते आणि इराणी व्यापारी तिथवर येत. हे पोलाद मुशीत वितळवून केलेले, एकसंध गोळ्याचे. त्यातली नक्षी पोलादाच्या अंतरंगातच, कार्बाइडच्या कणांच्या रांगांमधून उमटते. जॉन व्हरहोवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेन्ड्रे हे लोहार यांनी ती नक्षी पुन्हा घडवून दाखवली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात तिचे श्रेय व्हॅनेडियमसारख्या अशुद्धींच्या अत्यल्प अंशाला दिले.

महागडी सुरी काहीही कापेल, या समजुतीने किती चांगली पाती मोडली असतील! जपानी सुऱ्यांचा कठीणपणा रॉकवेल मापावर साधारण ६० च्या पुढे असतो, नेहमीच्या जर्मन सुऱ्यांचा ५६ ते ५८. कठीणपणाबरोबर ठिसूळपणा येतो. नारळ, हाडे, गोठलेले मांस यांवर चालवली, की धारेचे तुकडे उडतात. काच किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापणेही तितकेच घातक. धार लावायला सळईपेक्षा पाण्याचा दगड बरा: आधी १००० नंबरचा, मग ३००० ते ६००० चा.

कार्बन पोलादाची सुरी काळवंडली की नवखा मालक घाबरतो आणि घासायला घेतो. कैरी आणि वांगी चिरून काळी पडलेली लोखंडी विळी पाहिलेल्याला हे नवीन नाही. ती करडी-निळसर झाक म्हणजे धातूवर बसलेला पातळ थर, आणि तो पुढच्या गंजाला काही प्रमाणात आवरही घालतो. काढायचा तो फक्त तांबडा गंज. तो धरू नये म्हणून चिरून होताच सुरी धुऊन लगेच कोरडी करावी. आणि जपून ठेवायची म्हणून चामड्याच्या म्यानात तर मुळीच घालू नये, कारण चामडे ओल धरते. बरेच दिवस वापरायची नसेल, तर जपानी कारागीर पात्याला कॅमेलियाच्या बियांच्या तेलाचा हात फिरवतात आणि लाकडी म्यानात सरकवून ठेवतात.