विश्लेषण : युद्ध संपले, पर्यटक आले, मने जुळली का? श्रीलंकेच्या उत्तरेचा अनुभव काय सांगतो?

श्रीलंकेतील यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपले. त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या वर्षी आवर्जून पाहावीत अशी ३१ ठिकाणे जाहीर केली. पहिल्या क्रमांकावर श्रीलंका होती. त्या वेळी देशाच्या उत्तरेत हजारो तमिळ कुटुंबे अजून छावण्यांतच होती आणि त्यांच्या शेतांतले भूसुरुंगही निघाले नव्हते.

युद्धानंतर पर्यटक परतले की देश रुळावर येतो, असे सरकारे, विकास बँका आणि पर्यटन कंपन्या नेहमी सांगतात. रोजगार मिळतो, रस्ते होतात आणि कालचे शत्रू एकमेकांना माणूस म्हणून भेटतात, असा हा युक्तिवाद आहे. यातील पहिल्या दोन गोष्टी श्रीलंकेत बऱ्याच प्रमाणात झाल्या. तिसरीचे काय झाले, ते समजण्यासाठी जाफनाच्या रस्त्याने जावे लागते.

युद्ध कशासाठी होते?

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये सिंहली हीच राजभाषा ठरवणारा कायदा झाला आणि तमिळ भाषकांना नोकरी-शिक्षणात डावलले जात असल्याची भावना वाढत गेली. १९८१ मध्ये जाफनाचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. त्यात सुमारे ९७ हजार पुस्तके आणि हस्तलिखिते गेली. जुलै १९८३ मध्ये एलटीटीईने १३ सैनिकांना ठार केले. त्यानंतर कोलंबोसह दक्षिणेत तमिळांचे हत्याकांड झाले आणि युद्ध भडकले. पुढच्या २६ वर्षांत ८० हजार ते एक लाख लोक मारले गेल्याचा अंदाज आहे. फक्त शेवटच्या काही महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये वर्तवली. श्रीलंका सरकारला हा आकडा मान्य नाही.

पर्यटनाने पैसा आणला?

आणला, आणि झपाट्याने. २००९ मध्ये श्रीलंकेत साडेचार लाखांच्या आसपास परदेशी पर्यटक आले होते. २०१८ मध्ये हा आकडा २३ लाखांवर गेला आणि त्या वर्षी पर्यटनातून ४ अब्ज डॉलरहून अधिक परकीय चलन मिळाले. ‘लोनली प्लॅनेट’ने २०१९ साठी सर्वोत्तम देश म्हणून श्रीलंकेचीच निवड केली. मग एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, पाठोपाठ करोना आणि २०२२ चे आर्थिक अरिष्ट आले. तरीही २०२४ मध्ये पर्यटकांची संख्या पुन्हा २० लाखांच्या पुढे गेली. त्यात चार लाखांहून अधिक भारतीय होते आणि देशनिहाय यादीत भारत पहिला होता.

यातला बराचसा पैसा दक्षिण आणि पश्चिम किनारा, कँडी आणि चहाच्या मळ्यांच्या पट्ट्यात राहिला. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक सहलीही कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा आणि रामायणाशी जोडलेली स्थळे एवढ्यावरच आटोपतात. युद्ध झाले ती उत्तर त्यांच्या नकाशावर सहसा नसते.

जाफनाचा रस्ता उघडल्यावर कोण आले?

कँडीहून जाफनाला जाणारा ‘ए-९’ महामार्ग युद्धकाळात कित्येकदा बंद झाला. युद्धानंतर तो सर्वांसाठी खुला होताच दक्षिणेकडील सिंहली कुटुंबे बसगाड्या भरभरून उत्तरेकडे निघाली. यातल्या अनेकांनी आयुष्यात जाफना पाहिले नव्हते. तिशीच्या आतल्या पिढीसाठी तर तो बातम्यांतलाच भाग होता. विदेशी नागरिकांना मात्र उत्तरेत जाण्यासाठी काही काळ संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागत असे.

१९९० मध्ये थांबलेली ‘याल देवी’ ही कोलंबो-जाफना रेल्वे ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा धावू लागली. उखडलेला हा मार्ग भारताच्या कर्जातून ‘इरकॉन’ या भारतीय सरकारी कंपनीने बांधून दिला. रूळच नव्हे, तर स्थानकेही नव्याने उभारावी लागली.

म्हणजे रस्ता झाला, रेल्वे आली आणि माणसेही आली. प्रश्न पुढचा आहे. ही माणसे उतरली कुठे, जेवली कुठे आणि त्यांना फिरवले कोणी?

त्यांना काय दाखवले गेले?

सहलीचा ठरलेला मार्ग असा असे : एलिफंट पासला रस्त्याच्या कडेला ठेवलेला चिलखती बुलडोझर. १९९१ मध्ये एलटीटीईचा हा बुलडोझर रोखताना प्राण दिलेल्या गामिनी कुलरत्ने या सैनिकाचे ते स्मारक आहे. किलिनोच्चीत माघार घेताना एलटीटीईने पाडलेली अजस्र पाण्याची टाकी, आणि तिच्या शेजारी लष्कराने उघडलेले स्मरणवस्तूंचे दुकान. पुदुकुडियिरुप्पूजवळ बंदूक आणि झेंडा उंचावलेल्या सैनिकाचा विजयस्तंभ आणि जप्त शस्त्रास्त्रांचे संग्रहालय. शेजारच्या जंगलात प्रभाकरनचे अनेक मजली भूमिगत बंकर होते. ते पाहायला इतकी गर्दी लोटली की ते तीर्थक्षेत्रच झाले म्हणायचे! ऑक्टोबर २०१३ मध्ये लष्करानेच ते स्फोटाने उडवून दिले.

या स्मारकांत सैनिकांच्या मृत्यूला जागा होती. ती असायलाही हवी, कारण हजारो सिंहली खेड्यांतली तरुण मुले या युद्धात गेली. पण त्याच रस्त्याच्या आजूबाजूला मेलेल्या तमिळ नागरिकांची खूण नव्हती. एलटीटीईची दफनस्थळे युद्धानंतर बुलडोझर फिरवून सपाट करण्यात आली. कोप्पायच्या दफनस्थळावर तर लष्कराच्या एका डिव्हिजनचे मुख्यालय उभे राहिले. एलटीटीईबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्या थडग्यांत कोणाची तरी मुले होती, आणि त्यातली काही जबरदस्तीने भरती केलेली होती. जाफना विद्यापीठातील मुल्लिवैक्कल स्मारक जानेवारी २०२१ मध्ये रात्रीच्या वेळी पाडण्यात आले. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ते पुन्हा बांधावे लागले.

तिसरी बाजू तर दोन्ही गोष्टींत हरवते. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तरेतील सुमारे ७० हजार मुस्लिमांना हाकलून दिले. जाफना शहरातील मुस्लिमांना घर सोडायला जेमतेम दोन तास मिळाले होते. लष्कराच्या विजयगाथेत त्यांना जागा नाही आणि तमिळ स्मृतिदिनांतही नाही.

मग ‘भेट’ झालीच नाही?

परस्परांबद्दलचे पूर्वग्रह भेटीगाठींनी कमी होतात, ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडली. पर्यटनाला शांततेचे साधन मानणारे सगळे याच कल्पनेचा आधार घेतात. पण ऑलपोर्ट यांनी अटी घातल्या होत्या. भेटणाऱ्यांचा दर्जा त्या भेटीपुरता तरी समान हवा, दोघांचे उद्दिष्ट एक हवे, त्यासाठी एकमेकांचे सहकार्य लागले पाहिजे आणि व्यवस्थेचा या सगळ्याला पाठिंबा हवा. युक्तिवाद उचलताना या अटी सोयीस्करपणे गाळल्या जातात.

उत्तरेत त्या काळी काय चित्र होते? दक्षिणेतून आलेला पर्यटक ए-९ वर लष्कराच्या उपाहारगृहात चहा पीत असे, लष्कराचेच संग्रहालय पाहत असे, सैनिकाकडूनच माहिती घेत असे आणि मुक्कामही लष्कराच्या हॉटेलात करू शकत असे. एकाही तमिळ माणसाशी न बोलता तो घरी परतणे सहज शक्य होते. हा पर्यटक वाईट हेतूने आलेला नव्हता. अनेकजण कुतूहलाने, तर काही आपला मुलगा जिथे पडला ती जागा पाहायला आले होते. व्यवस्थाच अशी होती की समोरच्याची गाठ पडू नये.

हॉटेल कोणाचे, जमीन कोणाची?

कांकेसंतुरैच्या किनाऱ्यावर लष्कराने ‘थल सेवना’ हे रिसॉर्ट थाटले. तो परिसर अतिसुरक्षित क्षेत्रात येत होता, म्हणजे तेथील मूळ रहिवासी वर्षानुवर्षे विस्थापितांच्या वस्त्यांत राहत होते. कारैनगरजवळच्या हॅमेनहील या जुन्या डच सागरी किल्ल्यात नौदलाने हॉटेल काढले. हा किल्ला एके काळी तुरुंग होता. नौदल व्हेल दाखवण्याच्या सफरीही चालवत होते आणि हवाई दलाची ‘हेलिटूर्स’ प्रवासी वाहतूक करत होती.

यातला आर्थिक पेच सरळ आहे. ज्या हॉटेलाला जमीन फुकट मिळते आणि कर्मचाऱ्यांचा पगार संरक्षण खात्यातून होतो, त्याच्याशी कर्ज काढून चार खोल्यांचे अतिथिगृह उघडणारा जाफनाचा माणूस दरात कशी स्पर्धा करणार?

पूर्व किनाऱ्याची तक्रार वेगळी होती. पासीकुडा, कुच्छवेली या भागांत पर्यटन क्षेत्रे आखताना मच्छीमारांची किनाऱ्यावरची वाट अडली, बोटी लावण्याच्या जागा गेल्या, असे ‘सोसायटी फॉर थ्रेटन्ड पीपल्स’ या संघटनेने २०१५ मधील अहवालात नोंदवले. आधी त्सुनामी, मग युद्ध आणि नंतर रिसॉर्टचे कुंपण, असा या लोकांचा अनुभव. २०१५ पासून उत्तरेतील लष्कराच्या ताब्यातील जमिनी टप्प्याटप्प्याने परत होऊ लागल्या, पण हा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही.

खरी भेट कुठे झाली?

जिथे कोणी घडवून आणली नाही तिथे, असे म्हणता येईल. जाफनाजवळच्या नैनातीवू या छोट्या बेटावर नागदीप विहार आहे. बुद्ध येथे आले होते, अशी सिंहली बौद्धांची श्रद्धा आहे. त्याच बेटावर, चालत जाण्याच्या अंतरावर, तमिळ हिंदूंचे नागपूषणी अम्मन मंदिर आहे. कुरिकट्टुवान धक्क्यावरून दोन्हीकडचे भाविक एकाच बोटीत दाटीवाटीने बसून जातात आणि बरेचजण दोन्ही ठिकाणी हात जोडून येतात. नल्लूर मंदिराच्या २५ दिवसांच्या उत्सवाला दक्षिणेतले लोक येतात आणि जवळच्या आइस्क्रीम पार्लरांत रांगा लावतात. ताडगूळ, सुकी मासळी, आंबे घेताना मोडक्यातोडक्या भाषेत घासाघीस होते. येथे तमिळ माणूस दुकानदार आहे आणि सिंहली माणूस गिऱ्हाईक. कोणी जिंकलेले किंवा हरलेले नाही. एवढ्याने २६ वर्षांचा हिशेब मिटत नाही, हे उघड आहे. पण निदान संवाद तरी सुरू होतो.

अर्थात धर्मस्थळ म्हणजे सलोखा, असेही समीकरण नाही. कांकेसंतुरैजवळ थैयिट्टी येथे लष्कराच्या ताब्यातील खासगी तमिळ जमिनीवर बौद्ध विहार उभारला गेला आणि जमीनमालकांची आंदोलने सुरू झाली. नैनातीवूत दोन श्रद्धा शेजारी नांदतात, तर इथे एक श्रद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभी राहिली.

इतरांनी काय केले?

बेलफास्टचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानंतर माजी कैदीच पर्यटकांना फिरवू लागले. अशा एका सफरीत कॅथलिक फॉल्स रोडचा भाग माजी रिपब्लिकन कैदी दाखवतो. दोन वस्त्यांमधील भिंतीच्या फाटकाशी तो पर्यटकांना प्रोटेस्टंट बाजूच्या माजी कैद्याच्या हवाली करतो आणि शँकिल रोड तो दुसरा दाखवतो. दोघांच्या कथा एकमेकींशी जुळत नाहीत. जुळवण्याचा प्रयत्नही होत नाही. पर्यटकाला दोन्ही ऐकाव्या लागतात, आणि हे चालवण्यासाठी त्या दोघांना एकमेकांशी बोलावेच लागते. तिथेही सगळे आलबेल नाही. मेझ तुरुंगाच्या जागेवर शांतता केंद्र उभारण्याची योजना २०१३ मध्ये राजकीय मतभेदांत अडकली. भिंतीही अजून उभ्या आहेत.

रवांडाने जमिनीपेक्षा पैशाकडे लक्ष दिले. गोरिला पाहण्याच्या १५०० डॉलरच्या परवान्यासह राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन महसुलातील १० टक्के रक्कम उद्यानालगतच्या वस्त्यांच्या कामांसाठी राखून ठेवली जाते. मात्र तेथेही १९९४ च्या नरसंहाराची अधिकृत कथा एकच आहे आणि तिच्यापेक्षा वेगळे बोलायला फारशी मोकळीक नाही.

भारतीय पर्यटकांचा यात संबंध काय?

चेन्नईहून जाफनाला विमान जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपट्टणम ते कांकेसंतुरै ही बोटसेवाही सुरू झाली. त्यामुळे उत्तर श्रीलंका भारतीय सहलींच्या नकाशावर यायला फार काळ लागणार नाही. आणि तिथे भारतीय पर्यटक तटस्थ पाहुणा नाही. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना येथे लढली आणि सुमारे १२०० भारतीय जवान मृत्युमुखी पडले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी येथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. शांतिसेनेची स्मारके कोलंबोजवळ बत्तरमुल्ला येथे आणि जाफनाजवळ पलाली येथे आहेत.

त्याच्या महिनाभर आधी, २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ रोजी, ऐन दिवाळीत, शांतिसेना जाफनाच्या रुग्णालयात शिरली. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून ६० हून अधिक जण गोळीबारात मारले गेले. एलटीटीईशी झालेल्या चकमकीत ते सापडले, अशी भारतीय बाजू आहे. तो नि:शस्त्रांवरचा गोळीबार होता, असे वाचलेले कर्मचारी सांगतात. पलालीच्या स्मारकावर भारतीय पाहुणे पुष्पचक्र वाहतात. जाफना रुग्णालयात दरवर्षी २१ ऑक्टोबरला कर्मचारी आपल्या मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांना श्रद्धांजली वाहतात.